अशोक सराफ यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशोकमामांबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी शाळेतल्या मुलासाठी माहिती मागतं, कुणी पैज लागली म्हणून, तर कुणी रात्री उशिरा टीव्हीवर त्यांचा एखादा जुना सिनेमा पाहून झोप उडाली म्हणून. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीला साधी माहिती आहे आणि पुढे गोंधळाचे मुद्दे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अशोक सराफ यांची ओळख अगदी थोडक्यात कशी सांगाल?

जन्म ४ जून १९४७, मुंबई. बालपण दक्षिण मुंबईतल्या चिखलवाडीत गेलं. सुनील गावसकरही तिथेच वाढले. मराठी रंगभूमी, मराठी आणि हिंदी चित्रपट, मराठी आणि हिंदी मालिका अशा सगळ्या ठिकाणी अर्ध्या शतकाहून अधिक काळ काम केलेले हे नट आहेत. लोक त्यांना विनोदी नट म्हणून ओळखतात. मी मात्र त्यांना आधी नट म्हणतो. विनोद ही त्यांच्या नटपणाची सगळ्यांना दिसलेली बाजू आहे. असं का, ते प्र. ६ आणि प्र. १२ मध्ये सविस्तर आहे.

२. घरात आधी कुणी नाटकात होतं का?

होतं. गोपीनाथ सावकार हे त्यांचे मामा. संगीत नाटकांच्या जगात सावकारांचं नाव मोठं होतं. भाच्याने शिकून नोकरी धरावी अशी घरच्यांची इच्छा होती, पण पोराचा जीव मामांच्या तालमीत अडकलेला. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’ या नाटकात विदूषकाच्या भूमिकेत ते व्यावसायिक रंगमंचावर उभे राहिले, तेव्हा त्यांचं वय विशीच्या उंबरठ्यावरचं होतं.

संस्कृत वळणाच्या नाटकातला विदूषक थिल्लर करून चालत नाही. तो राजाचा मित्र असतो, त्याची भाषा घडीव असते, आणि दोन पदांच्या मधल्या जागेत प्रेक्षकांना हसवून त्याला लगेच बाजूला व्हावं लागतं. संगीत नाटकाचा प्रेक्षक गाण्यासाठी आलेला असतो. त्याच्यासमोर आपलं वाक्य नेमक्या क्षणी टाकणं ही केवढी शाळा असेल! पुढे ज्याला सगळे ‘अशोक सराफांचं टायमिंग’ म्हणू लागले, त्याची मुळं मला तिथे दिसतात.

३. ते बँकेत नोकरीला होते हे खरं आहे का?

खरं आहे. स्टेट बँकेत त्यांनी सुमारे दहा वर्षं नोकरी केली. दिवसा बँक आणि संध्याकाळी तालीम किंवा प्रयोग असा तो काळ. त्या पिढीतल्या अनेक मराठी नटांचं घर बँकेच्या किंवा सरकारी कचेरीच्या पगारावर चालायचं. बँकांच्या नाट्यस्पर्धाही तेव्हा जोरात असत, आणि तिथेही त्यांनी काम केलं.

४. पहिला चित्रपट कोणता? आणि नाव कशामुळे झालं?

सुरुवातीच्या चित्रपटांत गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेला ‘दोन्ही घरचा पाहुणा’ (१९७१) येतो. पण घराघरांत पोचवलं ते ‘पांडू हवालदार’ने (१९७५). दादा कोंडक्यांचा दिग्दर्शक म्हणून तो पहिला चित्रपट. पांडू दादांचा, सखाराम हवालदार अशोकमामांचा. दादा म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’च्या प्रयोगांत जागच्या जागी संवाद रचणारा माणूस. त्यांच्यासमोर कॅमेऱ्यात उभं राहायचं आणि तरी लक्षात राहायचं हे सोपं नव्हतं. दादांशी चढाओढ न करता मामांनी आपला हवालदार वेगळ्याच लयीत चालवला.

दोन वर्षांनी आलेल्या ‘राम राम गंगाराम’मधल्या (१९७७) म्हमदू खाटकाने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं. तोवर ते सहायक भूमिकांतले नट होते. नायकाच्या जागी यायला आणखी काही वर्षं जायची होती.

५. सगळे त्यांना ‘मामा’ का म्हणतात?

हा किस्सा त्यांनीच मुलाखतींत सांगितला आहे. कोल्हापूरकडे एका चित्रीकरणाला कॅमेरामन आपल्या लहान मुलीला सेटवर आणायचा आणि ‘हे अशोकमामा’ अशी ओळख करून द्यायचा. मुलीचं ऐकून आधी कॅमेरामन, मग सेटवरचे बाकीचे आणि शेवटी सगळा महाराष्ट्र मामा म्हणायला लागला. आपल्याकडे ‘काका’मध्ये थोडा धाक असतो, मामाकडे मात्र लाड करून घ्यायला जायचं असतं. त्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं आणि कायमचं बसलं.

६. ‘अशी ही बनवाबनवी’त सगळ्यात जास्त विनोद तर लक्ष्मीकांत आणि सचिन करतात. मग चर्चा धनंजय मानेचीच का होते?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

२३ सप्टेंबर १९८८ला हा चित्रपट आला. दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं. कथेचा धागा १९६६च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटातला. पुण्यात जागा मिळेना, म्हणून चौघांपैकी दोघं बायकांचा वेष घेतात. लुगडं नेसण्याचं, ठुमकण्याचं आणि लाजण्याचं दृश्य काम सचिन आणि लक्ष्मीकांतच्या वाट्याला आलं. धनंजय, म्हणजे अशोकमामा, शर्ट-पँटमध्येच राहतो.

पण थाप रचणारा, ती सांभाळणारा आणि उघडी पडू लागली की दुसरी थाप लावणारा तोच आहे. वयाने मोठा, बाकीच्यांची जबाबदारी अंगावर घेतलेला, खिशात पैसे नसलेला माणूस. त्याच्या चेहऱ्यावर सतत काळजी असते. मामांनी ही काळजी अगदी खरी केली, आणि ती खरी आहे म्हणूनच आपण हसतो. भाड्याच्या खोलीसाठी घरमालकाचे नखरे सोसलेला प्रत्येक माणूस धनंजय माने असतो. पुण्यात शिकायला येऊन पहिल्या वर्षात मी तीन खोल्या बदलल्या. दर वेळी बॅग भरताना मला हा माणूस आठवायचा आणि धीर यायचा.

एक उदाहरण घ्या. घरमालकीण लीलाबाई काळभोरांसमोर साडीतल्या परशाची (म्हणजे लक्ष्मीकांतची) ओळख करून देताना धनंजय म्हणतो, “हा माझा बायको पार्वती.” विनोद आहे तो व्याकरणाचा. ‘ही माझी’ म्हणायला हवं, पण जिभेवर खरं येतं. मराठीत लिंग क्रियापदापर्यंत पसरलेलं असतं, म्हणून हे वाक्य इंग्रजीसारख्या भाषेत नेलं की मरतं. आणि सराफ ते म्हणतात किती साधेपणाने! डोळे मोठे नाहीत, आवाज चढलेला नाही. चुकलेला माणूस चूक झालीच नाही अशा ठामपणे उभा राहतो, तसे ते उभे राहतात. समोर लक्ष्मीकांत काय करतोय हे आपल्याला दिसतं, कारण मामा त्याला जागा देतात.

आणखी एक. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य गेली कित्येक वर्षं टी-शर्टवर, दाराच्या पाटीवर आणि फोनच्या चित्रांत फिरतंय. ते वाक्य धनंजयच्या तोंडी नाहीच, त्याला शोधत आलेल्याचं आहे. स्वतः न बोललेल्या वाक्याने ओळखलं जाणारं पात्र मराठीत दुसरं मला तरी आठवत नाही.

७. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यात श्रेष्ठ कोण?

या प्रश्नावर घराघरांत भांडणं झाली आहेत. दोघांची जात वेगळी होती. लक्ष्मीकांत म्हणजे उसळणारी ऊर्जा. अंग, आवाज, डोळे सगळं एकदम बोलायचं. सराफ नेम धरून मारणारे. एक पेटवायचा आणि दुसरा आच सांभाळायचा, म्हणून जोडी जमली. वयात सात वर्षांचं अंतर होतं, आणि लक्ष्मीकांत आला तेव्हा अशोक सराफ नाव कमावून बसलेले होते. तरीही नव्या माणसाने टाळी घेतली म्हणून ते आखडलेले पडद्यावर कुठेही दिसत नाहीत. लक्ष्मीकांत १६ डिसेंबर २००४ला गेला, पन्नाशीत. श्रेष्ठ कोण हे मी ठरवणार नाही, मला दोघंही हवे आहेत.

८. ‘व्याख्या विख्खी वुख्खू’चा अर्थ काय?

काहीही नाही. महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘धूमधडाका’ (१९८५). त्यात अशोकमामा श्रीमंत यदुनाथ जवळकरचं सोंग घेतात, तोंडात पाइप असतो. पाइपच्या धुराने ठसका लागला तर काय होईल, यातून चित्रीकरणाच्या वेळीच हे शब्द निघाले. खोकला आणि बोलणं यांच्या मधलं काहीतरी. लहान मुलं आजही ते म्हणून दाखवतात, आणि त्यांतल्या अनेकांनी चित्रपट पाहिलेलाही नसतो.

९. रंजना आणि अशोक सराफ यांची जोडी पुढे का दिसली नाही?

एका अपघातामुळे. ‘गोंधळात गोंधळ’, ‘बिनकामाचा नवरा’ अशा चित्रपटांत ही जोडी जमली होती. रंजना देशमुख स्वतः ताकदीच्या विनोदी अभिनेत्री. विनोदात नायिकेला शोभेची बाहुली करण्याची सवय आपल्याकडे जुनी, पण रंजनासमोर नायकालाच सावध राहावं लागे. १९८७ साली बंगळूरला चित्रीकरणासाठी जाताना त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. २००० साली त्या वारल्या. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी विनोदी चित्रपट चार मित्रांच्या धमालीकडे वळला, त्याला कारणं अनेक होती. पण रंजना असत्या तर या चित्रपटांतल्या बायकांना आणखी काम मिळालं असतं असं मला राहून राहून वाटतं.

१०. ‘हम पाँच’ ही मालिका त्यांच्यासाठी एवढी महत्त्वाची का मानतात?

कारण महाराष्ट्राबाहेरच्या घरांत ते या मालिकेमुळे जायला लागले. १९९५ साली झी टीव्हीवर ती सुरू झाली. निर्मिती एकता कपूर यांच्या बालाजीची, त्यांच्या पहिल्या मोठ्या यशांपैकी एक. आनंद माथुर, पाच मुलींचा बाप. दुसरी बायको शोमा आनंद. पहिली बायको वारलेली, पण भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याला टोमणे मारणारी, आणि ती होती प्रिया तेंडुलकर. विद्या बालननेही काही काळ यात राधिकाची भूमिका केली.

मालिकेतला विनोद चित्रपटापेक्षा अवघड असतो. दर भागाला नवी पानं हातात, तालमीला वेळ नाही, आणि तेच घर, तोच सोफा. आनंद माथुरच्या आजूबाजूला सगळे ओरडत, भांडत, नाचत असतात. मध्ये हा एक माणूस भांबावलेला. भांबावणं शेकडो भागांत पुन्हा पुन्हा करायचं आणि शिळं होऊ द्यायचं नाही, हे नाटकातून आलेल्या माणसालाच जमतं. प्रयोग शंभरावा असला तरी प्रेक्षकाचा पहिलाच असतो, हे त्याला ठाऊक असतं.

११. हिंदीत त्यांना मोठ्या भूमिका का मिळाल्या नाहीत?

हिंदी चित्रपटाने मराठी नटांना बहुतेक वेळा हवालदार, नोकर, मुनीम अशा चौकटीत बसवलं, आणि मामाही त्यातून सुटले नाहीत. ‘करण अर्जुन’मधला (१९९५) मुनशी आणि ‘सिंघम’मधला (२०११) हेड कॉन्स्टेबल सावळकर लोकांना आठवतात. ‘कोयला’, ‘यस बॉस’, ‘गुप्त’ (तिन्ही १९९७), ‘प्यार किया तो डरना क्या’ (१९९८) हेही आहेत. मुनशीची भूमिका किती छोटी, तरी त्याची एक ओळ लोक अजून बोलतात.

मला याचं वाईट वाटतं. सावळकरमध्ये खूप काही होतं, एका वाकलेल्या माणसाचा पूर्ण चित्रपट झाला असता. पण हिंदीतल्या या छोट्या कामांसाठी त्यांनी मराठी रंगभूमी आणि पडदा सोडला नाही, हे आपलं नशीब.

१२. त्यांनी कधी गंभीर भूमिका केल्या आहेत का?

केल्या आहेत, आणि हा प्रश्न इतक्यांदा येतो याचंच मला नवल वाटतं.

१९७८चं ‘हमीदाबाईची कोठी’ घ्या. अनिल बर्वे यांचं लेखन, विजया मेहता यांचं दिग्दर्शन, रंगमंचावर स्वतः विजयाबाई, नीना कुलकर्णी, नाना पाटेकर आणि अशोक सराफ. कोठीच्या ऱ्हासाचं ते काळोखं नाटक. विजयाबाईंच्या तालमीत हशा मागून मिळत नसे. नुकतेच ‘राम राम गंगाराम’वर टाळ्या घेतलेल्या नटाने त्या तालमीत जाऊन बसणं ही त्याची भूक दाखवणारी गोष्ट आहे.

मग पडद्यावरचा ‘चौकट राजा’ (१९९१). सगळ्यांना त्यातला दिलीप प्रभावळकरांचा नंदू आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण चाळीतल्या गणाकडे एकदा बघा. मतिमंद मित्राला सांभाळणारा हा माणूस कुठेही दयेने ओथंबत नाही. तो त्याच्यावर चिडतोसुद्धा. शेजारधर्म कसा दिसतो ते गणा न बोलता सांगतो. ‘वजीर’ आणि पुरुषोत्तम बेर्डे दिग्दर्शित ‘भस्म’ हेही त्याच काळातले.

गंभीर अशोक सराफ आणि विनोदी अशोक सराफ असे दोन नट नाहीत. दोन्हीकडे ते पात्राच्या अडचणीवर विश्वास ठेवतात. अडचण छोटी असली की आपण हसतो. ती मोठी झाली की घशात काहीतरी अडकतं.

१३. निवेदिता सराफ यांच्याशी लग्न केव्हा आणि कुठे झालं?

१९९० साली, गोव्यातल्या मंगेशीच्या देवळात. निवेदिता जोशी तेव्हा स्वतः नावाजलेल्या अभिनेत्री होत्या. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) आणि ‘बनवाबनवी’तही त्या आहेत. दोघांच्या वयात अठरा वर्षांचं अंतर आहे, आणि त्याबद्दलचे खाजगी प्रश्न मी उत्तरात घेत नाही. निवेदिताताईंनी मध्ये काही वर्षं कामातून विश्रांती घेतली आणि नंतर मालिकांत मोठ्या जोमाने परत आल्या, एवढं सांगायलाच हवं.

१४. कोणते मोठे पुरस्कार मिळाले?

२०२३चा महाराष्ट्र भूषण (जाहीर झाला आणि दिला गेला २०२४मध्ये), संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०२५ साली पद्मश्री. फिल्मफेअरचा उल्लेख प्र. ४ मध्ये आहे. विनोद करणाऱ्याला मोठे सन्मान उशिरा मिळतात ही आपली जुनी खोड, त्यामुळे महाराष्ट्र भूषण जाहीर झाला त्या दिवशी मला घरातल्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला.

१५. ‘झपाटलेला’ आणि ‘मैंने प्यार किया’मध्ये त्यांची भूमिका कोणती?

दोन्हींत ते नाहीत. ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) महेश कोठारे, लक्ष्मीकांत बेर्डे आणि तात्या विंचूच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर आहेत. ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’मध्ये लक्ष्मीकांत आहे. त्या दशकातले सगळे चित्रपट आठवणीत एकाच डब्यात भरून ठेवल्यामुळे हा घोळ होतो.

१६. ते अजून काम करतात का?

करतात. चिन्मय मांडलेकर यांचं ‘व्हॅक्यूम क्लीनर’ हे नाटक त्यांनी निर्मिती सावंत यांच्यासोबत सत्तरी ओलांडल्यावर केलं. रितेश देशमुख यांच्या ‘वेड’मध्ये (२०२२) ते नायकाचे वडील आहेत. ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये (२००४) एसटीचे कंडक्टर होते, आणि वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वेत टीसी झाले. ‘अशोक मा. मा.’ ही मालिका २०२४च्या अखेरीस कलर्स मराठीवर सुरू झाली. त्यात ते शिस्तीचे, करड्या स्वभावाचे माजगावकर आहेत, आणि नावातच लाडकं संबोधन दडलेलं आहे.

१७. माझी मुलं परदेशात वाढली, मराठी जेमतेम समजतं. काय दाखवू?

‘बनवाबनवी’ने सुरुवात करू नका, मोह झाला तरी. त्यातला निम्मा आनंद भाषेत आहे (प्र. ६ पाहा). आधी ‘एक डाव भुताचा’ (१९८२) दाखवा. दिलीप प्रभावळकर मास्तर आणि अशोकमामा शिवकालीन मावळ्याचं भूत, खंडोजी फर्जंद. भुताची गोष्ट कुठल्याही मुलाला कळते. मग ‘आयत्या घरात घरोबा’ (१९९१). श्रीमंतांच्या रिकाम्या बंगल्यात गुपचूप राहणारा बेघर माणूस ही कल्पनाच मुलांना आवडते, आणि मामा त्यात फार मायेचे दिसतात. त्यानंतर ‘बनवाबनवी’ लावा आणि शेजारी बसून अर्थ सांगा. थांबवत थांबवत पाहिला तरी चालेल.

१८. ‘अश्विनी ये ना’ त्यांनी स्वतः गायलंय ना?

नाही. ‘गंमत जंमत’मधलं (१९८७) ते गाणं किशोर कुमार आणि अनुराधा पौडवाल यांनी गायलंय, संगीत अरुण पौडवाल यांचं. पडद्यावर अशोक सराफ आणि चारुशीला साबळे आहेत. किशोरदांनी मराठीत मोजकीच गाणी गायली, त्यामुळे या गाण्याला वेगळं मोल आहे. लोकांना फसायला होतं कारण मामांचे ओठ, मान आणि त्या वेड्यावाकड्या उड्या आवाजाशी इतक्या जुळल्या आहेत की आवाज दुसऱ्याचा वाटतच नाही.

त्यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर ‘कळत नकळत’मधलं (१९८९) ‘नाकावरच्या रागाला औषध काय’ लावा. रुसलेल्या लहान मुलीला हसवण्यासाठी म्हटलेलं गाणं आहे. सूर गवयाचा नाही आणि तसा आवही त्यांनी आणलेला नाही. आमच्या घरी कुणी जेवताना फुगून बसलं की आजही तेच लावतात.